विलायतेच्या हुकमाची दवंडी

देशातलं सर्वांत मोठं न्यायालय कुठे आहे, असं मला कुणी विचारलं तर मी माझ्या झिजलेल्या चपलांकडे बोट दाखवीन. लंडनमधले पाच म्हातारे साहेब एखाद्या जमिनीबद्दल काहीही ठरवोत, ती जमीन खानदेशात असेल तर तो ठराव तिथवर चालत न्यायला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे बेलीफ. मी धुळ्याच्या दिवाणी कोर्टात बेलीफ होतो आणि गेल्या वर्षी निवृत्त होऊन जळगावला मुलाकडे राहायला आलो. या अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला की नोकरीतले खुमासदार अनुभव लिहून द्या, दिवाळीत लोकांना हसायला हवं असतं. देतो. पण मला ज्याचा राग आहे तेही लिहिणार, आणि ते छापायचं नसेल तर सगळंच परत पाठवा, असं मी त्यांना आधीच कळवलं आहे.

बेलीफ म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण ज्यांच्या दारात तो कधी उभा राहिला नाही अशा भाग्यवंतांना ते ठाऊक नसतं. कोर्टात जज्जसाहेब बसतात, वकील बोलतात, शिरस्तेदार कागद लावतात. यांतलं कुणीही कचेरीच्या फाटकाबाहेर जात नाही. बाहेर जातो तो बेलीफ. समन्स बजावायचं, माल जप्त करायचा, आणि निकाल लागला की हरलेल्याला उठवून जिंकलेल्याला ताबा द्यायचा. माणूस घरात नसला तर पंचांसमोर कागद दाराला चिकटवायचा. सूर्य मावळल्यावर कुणाच्या घरात शिरायचं नाही. बायकामाणसांना आधी बाजूला व्हायला वेळ द्यायचा. शेतकऱ्याचे बैल, कारागिराची हत्यारं, बाईचं मंगळसूत्र आणि चुलीवरची भांडी यांना हात लावायचा नाही. हे नियम मला पाठ होते, आणि ज्यांच्याकडे मी जायचो त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होते.

जामनेरला एकाची पांढरी घोडी जप्त करायला गेलो होतो. मी दावं सोडायला वाकलो तसा तो गृहस्थ मध्ये आला. म्हणाला, "हात लावू नका, ते माझं हत्यार आहे."

मी म्हटलं, "घोडी कधीपासून हत्यार झाली?"

"लग्नसराईत नवरदेव मिरवायला देतो. त्याच्यावर माझं घर चालतं. न्हाव्याचा वस्तरा उचलता का तुम्ही?"

मी वही काढली. त्याचं म्हणणं जसंच्या तसं लिहून कोर्टापुढे ठेवलं, आणि जज्जसाहेबांनी हसत हसत घोडी हत्यारांत जमा केली. पुढे कधीतरी जामनेरच्या बाजारात त्याने मला गाठून चहा पाजला. बेलिफाला चहा मिळणं ही मोठी गोष्ट. आमच्या धंद्यात लोक पाणीसुद्धा विचारत नाहीत आणि मी कधी त्यांना नावं ठेवली नाहीत.

पारोळ्याला एक शेटजी होते, ते मी ओट्याची पायरी चढलो की पूजेला बसायचे. सोवळ्यातल्या माणसाच्या हातात समन्स कसं द्यायचं? दोनदा हात हलवीत परत आलो. तिसऱ्या खेपेला मीही अंगणात पाय धुतले आणि त्यांच्या मागे मांडी घालून बसलो. त्यांनी सगळी स्तोत्रं म्हटली, मग पुन्हा पहिल्यापासून म्हटली. मी टाळ्या वाजवीत राहिलो. शेवटी त्यांचाच घसा बसला. आरती झाली, त्यांनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला आणि मी त्यांच्या हातावर समन्स ठेवलं. झाले तेवढे खुमासदार अनुभव पुरे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. गिरणेच्या काठी एक गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण खटला अजून चालू आहे. गाव इनामी. सरकारी मोजणीची साखळी तिथे कधी पोचलीच नाही, त्यामुळे जमिनीला नंबर नाही. जमीन ओळखायची ती चार बाजूंना काय आहे त्यावरून. इनामदार घराण्यात दोन चुलतभाऊ, बापूसाहेब आणि तात्यासाहेब. नदीच्या पश्चिम काठाला त्यांची मळई होती, म्हणजे पुराच्या गाळाने झालेली काळी कसदार जमीन. ती कुणाच्या वाटणीची यावरून दोघांची जुंपली. दावा धुळ्याला चालला तेव्हा मी नोकरीत नवखा होतो, साक्षीदारांची समन्सं मीच बजावली होती. धुळ्याला बापूसाहेब जिंकले. तात्यासाहेब मुंबईला हायकोर्टात गेले, तिथे हरले आणि विलायतेला राजाच्या दारी अपिलात गेले.

तात्यासाहेबांचे वकील नाना. मोठा बुद्धीचा माणूस, बेलिफालासुद्धा बसायला खुर्ची द्यायचा. तात्यासाहेबांनी हौसेने त्यांना बोटीने लंडनला धाडलं होतं. तिथे बोलणार तिथलाच बॅरिस्टर, नानांनी नुसतं मागे बसून बघायचं. ते परत आले तेव्हा मी त्यांच्या कचेरीत मुद्दाम गेलो. राजाचं कोर्ट बघून आलेला माणूस आमच्या धुळ्यात दुसरा कोण होता?

"कोर्ट म्हणू नकोस," नाना म्हणाले. "ते स्वतःला कोर्ट म्हणवत नाहीत. राजाच्या सल्लागारांची कमिटी आहे ती. ते निकाल देत नाहीत. राजाला नम्रपणे सल्ला देतात."

"आणि राजानं तो ऐकला नाही तर?"

"असं कधी झालेलं नाही."

"मग सल्ला कसला? हुकूमच की तो!"

"हळू बोल. बाहेर पट्टेवाला बसलाय."

नानांनी सांगितलेलं सगळं मला आजही लख्ख आठवतं. एक दिवाणखान्याएवढी खोली. घोड्याच्या नालेसारखं वळलेलं टेबल. त्यामागे पाच साहेब, अंगात रोजचे साधे कोट. केसांचे टोप आणि झगे घालायचे ते फक्त वकिलांनी. साहेब तिथे येतात कसे? कुणी पूर्वी विलायतेतला सर्वांत वरचा न्यायाधीश होता, कुणी लॉर्ड आहे म्हणून, आणि एखाददुसरा मद्रास-कलकत्त्याला जज्ज होऊन पेन्शनीत गेलेला, तो इकडचा माहीतगार म्हणून. नेमणूक तिथले मंत्री करतात. आदल्या दिवशी त्यांनी कॅनडातल्या रेल्वेचा तंटा ऐकला होता, दुसऱ्या दिवशी आफ्रिकेतल्या कुठल्या तरी खाणीचा ऐकणार होते. मधली एक सकाळ आमच्या मळईला मिळाली.

"एकाने चांगला प्रश्न विचारला," नाना म्हणाले. "म्हणाला, या गिरणा नदीत बोटी चालतात का?"

मला वाटलं नाना थट्टा करताहेत. उन्हाळ्यात गिरणेत म्हशीसुद्धा धड बुडत नाहीत.

"मग आपला बॅरिस्टर काय म्हणाला?"

"त्याने सगळे कागद चाळले आणि सांगितलं, याबद्दल पुराव्यात काही नाही."

"आणि पाचांची मतं जमली नाहीत तर?"

"ते बाहेर कळत नाही. एकच मत वाचून दाखवतात. कुणी नाही म्हटलं असेल तर ते खोलीतच राहतं."

मी तिथेच चिडलो होतो. मला नोकरीत घेतलं तेव्हा माझ्याकडून मोडी वाचून घेतली. मराठीत पंचनामा लिहून घेतला. अहिराणी कळते का म्हणून साक्रीकडच्या एका साक्षीदारासमोर उभं केलं आणि तो काय बोलला ते मला सांगायला लावलं. शेवटी डॉक्टरने पाय ठोकून बघितले. समन्स घेऊन दारोदार हिंडणाऱ्या माणसाला एवढ्या परीक्षा, आणि त्या समन्साचा शेवट जिथे होतो तिथे बसणाऱ्याला एकच परीक्षा, ती म्हणजे तो तिथला असला पाहिजे! आमच्याकडे गावपंचायतीत एखाद्याला निर्णय पटला नाही तर तो पागोटं झटकून उठून तरी जातो. सगळ्या गावाला दिसतं की एक माणूस विरुद्ध होता. इथे राजाच्या दारात तेवढीही सोय नाही.

तर विलायतेहून हुकूम आला. बापूसाहेब जिंकले. हुकूम मुंबईमार्गे धुळ्याला उतरला आणि शेवटी माझ्या पिशवीत आला. मळईचा ताबा बापूसाहेबांना द्या. पश्चिमेस गावची वाट, दक्षिणेस मारुतीचं देऊळ, उत्तरेस ओढा, पूर्वेस गिरणा नदी. या चार बाजू मूळ दाव्यात लिहिल्या होत्या, धुळ्याच्या निकालात उतरल्या, मुंबईच्यात उतरल्या आणि तिथून लंडनच्यात.

आगगाडीने आणि पुढे बैलगाडीने मी गावी पोचलो. बापूसाहेब छत्री धरून उभेच होते, बरोबर डफवाला. वाट, देऊळ, ओढा सगळं जागेवर होतं. आम्ही मळईतून पूर्वेला चालू लागलो. मळई संपली आणि वाळू लागली, पण नदी नव्हती. कोरडं पात्र, त्यात झाऊची झुडपं माजलेली. त्याच्या पलीकडे एक बांध, बांधाच्या आत फुटलेला पांढराशुभ्र कापूस, आणि तो वेचणारी एक बाई. पाणी दिसत होतं ते तिच्याही पलीकडे.

मी थांबलो. "बापूसाहेब, नदी तर इथे होती ना?"

"होती," ते म्हणाले. "मध्यंतरी मोठा पूर आला, त्यात ती तिकडे सरकली. हुकमात काय लिहिलंय? पूर्वेस गिरणा नदी. गिरणा ती बघा. चला पुढे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पूर आला तेव्हा खटला वरच्या कोर्टात होता. वरची कोर्टं कागदांवर चालतात. खाली जो पुरावा झाला तोच वर जातो, त्यात मागाहून काही घालायला खास परवानगी लागते. आणि परवानगी मागणार कोण? दोघे भाऊ तीच मळई नदीपर्यंत मागत होते. नदी जितकी लांब जाईल तितकं दोघांच्याही फायद्याचं. कुणीही जिंकला तरी त्या बाईचं वावर त्याच्या घशात जाणार होतं. तिला तर या खटल्याचा पत्ताच नव्हता. ती मूळची पूर्वेच्या काठची, दुसऱ्या गावची.

तिचं नाव तुळसाअक्का. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. नदी सरकल्यापासून लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून रोज पाणी ओलांडून वावरात यायची. आम्हाला बघून ती ओटीतला कापूस तसाच धरून बांधावर आली.

"कोन शेतस तुम्ही?"

मी सांगितलं, कोर्टाचा बेलीफ. विलायतेहून हुकूम आला आहे. नदीपर्यंतची जमीन बापूसाहेबांना द्यायची आहे.

तिने बापूसाहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "भाऊ, वावर मनं आठेच शे. नदी सरकनी. मी काय नदीले सांगं का, सरक म्हनीसन?"

तिचं वावर होतं तिथेच होतं, सरकली ती नदी. ती कापूस खाली ठेवून बांधाच्या कोपऱ्यात गेली आणि खुरप्याने उकरायला लागली. वीतभर, दोन वीत. खालून काळाभोर कोळसा निघाला, त्यात भाताचा कोंडा मिसळलेला. ओंजळभर काढून तिने माझ्यापुढे धरला.

"मना सासरानी गाडेल शे. एकला नही. ह्यासना बाप संगे व्हता."

त्या काठच्या गावांची रीत मला तिथे कळली. नदीचा भरवसा नसतो म्हणून दोन्ही काठांवरच्या शेतांच्या कोपऱ्यांत कोळसा आणि कोंडा पुरून ठेवतात. कोळसा कुजत नाही, पुराने वरची माती गेली तरी सापडतो. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवं साल सुरू करण्याआधी, अलीकडचा आणि पलीकडचा असे दोघे मालक मिळून आधी एका काठचा कोळसा उकरतात, हात लावून पुन्हा बुजवतात, मग दुसऱ्या काठचा. नंतर एकाच ताटात पुरणपोळी खातात. नदी कुठेही गेली तरी वावर कुणाचं यावर तिथे कधी भांडण झालेलं नव्हतं.

मी बापूसाहेबांना विचारलं, "हे खरं का? तुमचे वडील यायचे इथे?"

बापूसाहेबांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "यायचे. लहानपणी मीही आलोय त्यांच्याबरोबर."

"मग?"

"मग काय? हुकमात कोळसा लिहिला आहे का?"

एवढा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. एखादा माणूस खोटं बोलला असता तर मला चाललं असतं; खोटं बोलणारे मी रोज बघायचो, माझी नोकरीच त्यांच्यावर होती. हा माणूस खरं बोलून तिचं वावर गिळत होता.

बेलिफाच्या हातात एक गोष्ट असते. ताबा देताना कुणी आड आलं तर त्याने जोरजबरदस्ती करायची नाही; परत येऊन कोर्टाला कळवायचं, मग कोर्ट ठरवील. मी डफवाल्याला डफ खाली ठेवायला सांगितलं आणि अक्काला म्हटलं, "अक्का, तुम्ही आडव्या येताय ना? तसं स्पष्ट बोला."

ती म्हणाली, "मी कसाले आडवी येसू? मी मना वावरमा उभी शे."

मी तेच शब्द लिहिले. थोडा कोळसा रुमालात बांधून घेतला आणि धुळ्याला परतलो.

जज्जसाहेब माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगतो. मी अहवाल दिला आणि रुमाल त्यांच्या टेबलावर सोडला. टेबलाच्या हिरव्या बनाती कापडावर काळे तुकडे पसरले.

"बेलीफ, हे काय आहे?"

"हद्दीची खूण, साहेब. आखाजीला दोघे मालक..."

"वाचलं मी. खरंही असेल. पण हुकूम कुणाचा आहे?"

"विलायतेचा."

"त्यात पूर्वेला नदी लिहिली आहे. आज नदी कुठे आहे?"

"बाईच्या वावरापलीकडे. पण दावा लावला तेव्हा अलीकडे होती, साहेब. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

त्यांनी चष्मा काढला. "हे बघा, मी जर म्हटलं की लंडनच्या साहेबांना नदीपर्यंत म्हणजे जुन्या नदीपर्यंत म्हणायचं होतं, तर मी त्यांचा हुकूम दुरुस्त केला असं होईल. बजावणी करणाऱ्या कोर्टाने हुकमाच्या मागे जायचं नसतं. तो जसा आहे तसा अमलात आणायचा. बाईंना हवं तर त्यांनी वेगळा दावा लावावा. तिथे हा कोळसा बघता येईल. इथे बघण्याचा मला अधिकार नाही."

"पण तोवर साहेब..."

"तुम्ही बेलीफ आहात. तिचे वकील नाही."

त्यांनी पट्टेवाल्याला बोलावून टेबल पुसून घेतलं. डाग गेला नाही म्हणून त्याला दोनदा पुसायला लावलं.

दुसऱ्या खेपेला माझ्याबरोबर पोलीस दिले. ताबा कसा देतात ते वाचकांना ठाऊक नसेल. डफ वाजवून दवंडी द्यायची, की बादशहाच्या हुकमावरून अमक्याचा ताबा झाला आहे, कुणी हरकत करू नये. मग बेलिफाने त्या जमिनीतलं ढेकूळ आणि उभ्या पिकाची एक डहाळी तोडून जिंकणाऱ्याच्या हातात ठेवायची. दवंडी ऐकायला तिथे होतं कोण? दोन पोलीस, बापूसाहेबांचे मजूर आणि अक्का. तिचं गाव नदीपलीकडे. डफवाला मला हळूच म्हणाला, "जोरमा वाजाडू का भाऊ?" मी म्हटलं, वाजव, लंडनला ऐकू जाऊ दे. तो हसला, मी हसलो नाही. डहाळीला बोंडं होती. ती मी बापूसाहेबांच्या हातात ठेवली.

अक्का रडली नाही. पोलिसांनी सांगितल्यावर बांधावरून उतरली आणि पाण्यात जाऊन उभी राहिली. नदी कुणाच्याच मालकीची नव्हती, तिथून तिला कुणी उठवू शकत नव्हतं. तिथून तिने मला हाक मारली.

"बेलीफ भाऊ, त्या साहेबसनी गिरना देखी का कधी?"

"नाही, अक्का."

"मंग त्यासले इचारं कोनी?"

मी पिशवी उचलून वाटेला लागलो. वेचणी राहिलेला कापूस त्याच आठवड्यात बापूसाहेबांच्या मजुरांनी वेचला.

धुळ्याला आलो तो सरळ नानांकडे गेलो आणि त्यांनाही सोडलं नाही. म्हटलं, तुम्ही तात्यासाहेबांचे वकील होता. पूर आलेला तुम्हाला माहीत होता की नाही?

नानांनी पानदान मिटलं. "माहीत होता," ते म्हणाले. "पण माझ्या अशिलाला तो प्रश्न काढायचा नव्हता."

"वा! म्हणजे बाईचं वावर गेलं ते कुणाच्या चुकीनं?"

"कुणाच्याच नाही. तेच तर वाईट आहे."

मी उठून चालू लागलो तेव्हा त्यांनी मला दारातून परत बोलावलं. म्हणाले, त्या बाईंना घेऊन ये. मी त्यांचा दावा चालवतो.

नानांनी दावा चालवला आणि फी म्हणून कधी सुपारीही घेतली नाही, हे त्यांच्या बाजूने लिहिलं पाहिजे. तोवर धुळ्याला दुसरे जज्ज आले होते. ते बूट काढून, धोतर सावरून स्वतः नदीत उतरले, कोळसा उकरून बघितला, दोन्ही गावांच्या म्हाताऱ्यांना बोलतं केलं. अक्का जिंकली. बापूसाहेब मुंबईला गेले, तिथेही अक्का जिंकली. मला वाटलं, संपलं. अक्काच्या वावरासारखा लहान दावा विलायतेला जाऊच शकत नाही. ठरावीक किमतीच्या वरच्या तंट्यांनाच राजाचं दार उघडतं. अक्का हरली असती तर तिच्यासाठी ते दार बंदच होतं. पण बापूसाहेबांच्या बॅरिस्टरने मुंबईत अर्ज केला, की विलायतेच्या जुन्या हुकमाचा अर्थ काय हा कायद्याचा फार मोठा प्रश्न आहे आणि तो विलायतेनेच सोडवला पाहिजे. परवानगी मिळाली. शिवाय तिथला निर्णय लागेपर्यंत वावर होतं तसंच, म्हणजे बापूसाहेबांकडेच, राहावं असा हुकूमही मिळाला. दोन कोर्टांत जिंकलेली बाई पाण्याच्या पलीकडे आणि दोन्हीकडे हरलेला माणूस तिच्या वावरात. मग लढाई सुरू झाली, बोटी बुडू लागल्या, कागद छापायला कागद मिळेना. अक्काचा खटला लंडनच्या कुठल्या तरी कपाटात पडून राहिला.

मला लोक म्हणतात, आता कशाला रागावता, स्वराज्य आलं. मी रागावतो ते त्याच्यासाठीच. झेंडा बदलला, पण वरचं अपील आजही तिकडेच जातं, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? दिल्लीत एक मोठं कोर्ट आहे, पण ते प्रांतांचे आणि सरकारांचे तंटे बघतं. अक्काच्या वावराला तिथे जागा नाही. उद्या दिल्लीत आपलं सर्वांत वरचं न्यायालय होईल म्हणतात. होऊ द्या, आनंद आहे. पण तिथे कोण बसणार, हे आम्हाला आधी सांगा. उंच इमारत, उंच खुर्ची आणि त्यावर पुन्हा असा माणूस, की ज्याने नदी फक्त कागदावर वाचली आहे? तिथे बसणारा आपलाच काळा माणूस असला म्हणून अक्काला काय त्याचं? बुद्धिवान लोक हवेतच, मी त्यांना नको म्हणत नाही. पण त्यांच्यात एक तरी असा असावा, जो धोतर सावरून पाण्यात उतरेल. पाचांतल्या एकाला पटलं नसेल तर त्याने ते मोठ्याने सांगावं आणि ते आम्हाला छापून मिळावं. आणि ज्याचं वावर जाणार आहे त्याला विचारल्याशिवाय हुकमाची शाई वाळू नये. मी कोर्टाच्या नोकरीत केस पांढरे केले, मला न्यायालयाचा द्वेष नाही. असता तर मी एवढा चिडलो नसतो.

श्रावणात, झेंडावंदन होऊन थोडेच दिवस झाले होते, तुळसाअक्का जळगावला माझ्या दारात आली. आता पाठीत वाकली आहे. एका डोळ्याने दिसत नाही. ओच्यात माझ्या नातवंडांसाठी शेंगा होत्या. सूनबाईने पाणी दिलं, ते पिऊन ती ओसरीवर टेकली आणि मला म्हणाली, गावमा बठ्ठा लोक सांगतस की राजा गया, साहेब बी चालना गयात. मग ती निकालाचं विचारायला आली आहे, हे मी ओळखलं.

मी तिला शक्य तितकं सोपं करून सांगितलं. राज्य आपलं झालं आहे, पण कोर्टाची व्यवस्था अजून बदलायची आहे. तुमचे कागद अजून लंडनलाच आहेत. नाना लिहिताहेत तिकडे. थोडा धीर धरा.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग पदराने तोंड पुसलं आणि मला विचारलं, "बेलीफ भाऊ, राजा गया ना?"

"गेला, अक्का."

"मंग मनं वावर अजून त्याना हातमा काबरं शे?"